ठसा आणि साक्ष

फावल्या वेळांत खोडरबरावर, लिनोलियमच्या तुकड्यावर किंवा नुसत्या बटाट्याच्या फोडीवर ठसा कोरावयाचा, तो रंग लावून कागदावर उमटवावयाचा, त्याभोंवतीं जुन्या कागदांचे कपटे, सुताचे धागे, वाळलेलीं पानें डकवावयाचीं, आणि अशा रीतीनें एखादें शुभेच्छापत्र, वहीचें वेष्टन किंवा भिंतीवर टांगण्याजोगें चित्र सिद्ध करावयाचें, ही हौस अलीकडे पुष्कळ सुशिक्षित घरांत दिसून येते. तिला फारसा खर्च नाहीं. लागणारें बहुतेक साहित्य कागद-पेन्सिलीच्या दुकानांत व स्वयंपाकघरांत मिळतें. भेंडी आडवी कापली तर पांच पाकळ्यांचें फूल आयतेंच हातीं येतें. आणि कांद्याच्या अर्ध्या फोडीचीं वर्तुळें तर कोणा कुशल कोरक्यालाहि साधावयाचीं नाहींत. तेव्हां हा विषय एखाद्या मासिकांत गंभीर चर्चेस घेण्याजोगा आहे काय, असें वाचक विचारतील. आमचें मत असें कीं, ज्या कृत्यांत मनुष्य एक खूण तयार करतो आणि ती वारंवार, निरनिराळ्या जागीं, आपली म्हणून उमटवितो, त्या कृत्यांत नीतीचा प्रश्न आल्यावांचून राहत नाहीं. मग तें कृत्य दरबारांत घडो वा माजघरांतील चटईवर घडो.

या हौसेवर नेहमीं घेतला जाणारा आक्षेप असा कीं, ठसा म्हणजे कला नव्हे. चित्र काढणारा प्रत्येक रेघ नव्यानें ओढतो. ठसा मारणारा एकदांच काय ती मेहनत करतो आणि पुढें तिच्या जिवावर बसून खातो. आपल्या भाषेनेंहि ठशाच्या बाबतींत दुटप्पी धोरण ठेविलें आहे. एखाद्याच्या कर्तृत्वाचा ठसा उमटला म्हणजे तो गौरव. पण सारे एकाच छापाचे निघाले म्हणजे ती निंदा. छापील उत्तर मिळालें असें आपण म्हणतों तेव्हां उत्तर देणाऱ्याची स्तुति करीत नसतों. आणि ‘अंगठाछाप’ हा शब्द तर शिवी म्हणूनच वापरला जातो. या शेवटच्या शब्दाकडे आम्हांस पुढें परत यावयाचें आहे.

परंतु पुनरुक्ति म्हणजे निर्जीवपणा, हें समीकरण आपल्याच घरांतील एका रिवाजापुढें टिकत नाहीं. मराठवाड्यांत ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. भाद्रपदांत ज्या दिवशीं त्या घरीं यावयाच्या असतात, त्या दिवशीं घरची सुवासीण मूठ वळून तिची करंगळीकडील बाजू कालविलेल्या तांदळाच्या पिठांत किंवा कुंकवाच्या पाण्यांत बुडविते आणि उंबरठ्यापासून आंतपर्यंत जमिनीवर टेकवीत जाते. मूठ उमटली कीं बोटाच्या टोकानें वर पांच ठिपके द्यावयाचे. झालें लक्ष्मीचें पाऊल. हा जगांतील सर्वांत स्वस्त ठसा होय. तो कोरावा लागत नाहीं, हरवत नाहीं, आणि शेजारणीस उसना देतां येत नाहीं. तीस-चाळीस पावलें उमटतात. त्यांतील एकहि दुसऱ्यासारखें नसतें, कारण मध्येंच पीठ पातळ होतें, मनगट अवघडतें, एखादें मूल ओल्या पावलांमधून धांवत जातें. तरी त्यांतील कोणत्याहि पावलाला कोणी पहिल्या पावलाची नक्कल म्हणत नाहीं. देवी एकेक पाऊल टाकीत आंत येत आहे असा भाव असतो, आणि तो पावलागणिक नवा असतो.

आतां बाजारांत चिकटवावयाचीं प्लॅस्टिकचीं पावलें मिळतात. तीं आखीव-रेखीव असतात व पुढच्या वर्षींहि उपयोगी पडतात. तीं लावणाऱ्या घरांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. गुडघे दुखत असतां ओणवें होऊन चाळीस मुठी टेकवाव्या असा उपदेश करणें सोपें आहे, आणि तो करणारे बहुधा पुरुषच असतात. पण दोहोंतील भेद दृष्टीआड करूं नये. प्लॅस्टिकचें पाऊल कोणाच्या हातचें, या प्रश्नाला उत्तरच नाहीं. पिठाचें पाऊल कोणाच्या हातचें, हें सण संपून जमीन पुसली जाईपर्यंत घरांतल्या लहानथोरांस ठाऊक असतें.

मुठीवरून कोरलेल्या ठशाकडे वळलें म्हणजे दोन अडचणी नव्यानें उभ्या राहतात, आणि त्या अडचणींतच या कलेचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें. पहिली अशी कीं, ठसा उलटा कोरावा लागतो. कोरणाऱ्याच्या डाव्या हाताला जें आहे तें पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला जातें. म्हणून आपलें काम केवळ आपल्या बाजूनें पाहून त्याला चालत नाहीं; तें ज्याच्यासाठीं आहे त्याच्या जागीं मनानें जाऊन बसावें लागतें. दुसरी अशी कीं, जें दिसावयाचें तें कोरलें जात नाहीं. जें दिसावयाचें नाहीं तें कापून काढलें जातें. चित्रकार भर घालीत जातो, ठसा कोरणारा वजा करीत जातो, आणि एकदां वजा केलेलें परत येत नाहीं. रबराचा पोपट कोरतांना त्याची चोंच उडाली तर दुसरा रबर घ्यावा लागतो, किंवा त्या पोपटाची चिमणी करावी लागते. (चिमण्या अशाच पुष्कळ निर्माण झाल्या आहेत.) म्हणजे बसून खाण्याचा जो आरोप ठशावर केला जातो, तो करणाऱ्यानें एकदां हातांत कोरणी धरून पाहावी. पुढच्या शंभर छापांची सगळी चिंता पहिल्या तासांतच करावी लागते. कोणती खूण शंभरदां सांगण्याच्या योग्यतेची आहे, हें आधींच ठरवावें लागतें. रेखाटन करणाऱ्यावर हा बोजा नसतो.

मूळ आणि प्रत यांतील नातें या कलेंत कसें विलक्षण होतें, याचें उदाहरण जपानांत सांपडतें. होकुसाय याचें कानागावा येथील प्रचंड लाटेचें चित्र सन १८३१ च्या सुमारास निघालें, आणि आज त्याच्या प्रती अनेक देशांच्या संग्रहालयांत आहेत. या प्रतींचें मूळ कोणतें, असा प्रश्न केला तर मोठी पंचाईत होते. त्या पद्धतींत छपाईसाठीं पातळ कागदावर तयार केलेलें रेखाटन लांकडी फळीवर पालथें चिकटवीत, आणि कोरक्या त्या कागदासकट लांकूड कापीत जाई. ठसा पुरा होई तेव्हां त्या रेखाटनाचा मागमूसहि उरत नसे. छापलेल्या प्रतींच्या पलीकडे ‘अस्सल’ म्हणून जपून ठेवावें असें कांहीं शिल्लकच नसे.

जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन यानें १९३६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका निबंधांत असें प्रतिपादन केलें आहे कीं, यंत्राच्या साहाय्यानें कलाकृतीच्या वाटेल तितक्या प्रती निघूं लागल्या म्हणजे मूळ कृतीभोंवतीं असणारें तेज, तिचें एकाच स्थळीं एकाच काळीं असणें, क्षीण होऊन जातें. या क्षयाचें त्याला सर्वस्वी दुःखच होतें असें नव्हे. त्याची नजर मुख्यतः छायाचित्र आणि चलच्चित्र यांवर होती; लांकडी ठशाचा उल्लेख तो प्रारंभीं करतो आणि पुढें निघून जातो. आम्हांस मात्र तेथेंच थोडें थांबावेंसें वाटतें. कापड छापणाऱ्या रंगाऱ्याचें काम पाहावें. आपल्याकडे भावसार ज्ञातीचा हा परंपरागत धंदा. बाह्यरेषेचा ठसा वेगळा, भरणाचा वेगळा, पार्श्वभूमीचा वेगळा. जितके रंग तितके ठसे. एका ठशाच्या कोपऱ्यावरील बारीक टिंब मागच्या छापाच्या टिंबाशीं जुळवीत छापणारा पुढें सरकतो आणि प्रत्येक वेळीं ठशाच्या पाठीवर तळहाताच्या मुळानें ठोका देतो. ठोका हलका पडला तर फूल फिकें उमटतें, जड पडला तर रंग पसरतो. असें हजार वेळां करावयाचें. बेन्यामिनच्या यंत्राला दमणूक नाहीं, म्हणून त्याच्या प्रती सारख्या. रंगारी तिसऱ्या प्रहरीं दमतो, आणि कापडाच्या त्या टोकाला तें दिसतें. या दिसण्यालाच तेज म्हणावयाचें कीं दोष म्हणावयाचा, तें ज्याच्या त्याच्या रुचीवर सोपवूं. पण तें पुसलें गेलें आहे असें कोणासहि म्हणतां यावयाचें नाहीं.

एकमेव वस्तु आणि तिच्या प्रती यांच्या झगड्याचीं दोन उदाहरणें बीड जिल्ह्यांतच आहेत, आणि तीं परस्परांशेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) हे ठशाच्या अगदीं दुसऱ्या टोकाचे पुरुष. त्यांच्या लेखनाला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. कागद पुरेना म्हणून कीं काय, त्यांनीं सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा जाड कापडावर पंचीकरणाचा विषय ओवीबद्ध करून स्वहस्तें लिहून काढला. हीच ती पासोडी. कापड, शाई, अक्षरें, आंखणी, सर्व एका पटावर. आजचे लोक ज्याला मिश्र माध्यमांतील चित्र म्हणतात त्याहून तिच्यांत काय उणें आहे, हें आम्हांस कळत नाहीं. तिच्यासारखी दुसरी नाहीं. हेंच तिचें वैभव, आणि हाच तिच्यावरील धोका: एक गळकें छप्पर, एक ठिणगी, कसरीचा एक पावसाळा, कीं सारें संपलें.

दुसरें उदाहरण बीड शहरांतील पाटांगणाचें. वि. का. राजवाडे यांना तेथें ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. एकनाथांनीं १५८४ सालीं ज्ञानेश्वरी शुद्ध केली, त्याच्या आधींचा पाठ या पोथींत आहे असें राजवाड्यांचें मत होतें. आणि तिच्यावरून त्यांनीं १९०९ सालीं ज्ञानेश्वरी छापून प्रसिद्ध केली. त्यांच्या मतांवर पंडितांत पुष्कळ वाद झाला. तो येथें नको. मूळ पोथी पुढें अभ्यासकांच्या हातीं राहिली नाहीं. राहिली ती छापील प्रत. ज्याला आपण मूळाची छाया म्हणून कमी लेखतों, त्या छापानेंच येथें मूळाचा सांभाळ केला. हा विचार आपल्याकडे त्याहूनहि जुना आहे. भगवद्गीतेच्या प्रती हातानें लिहवून ब्राह्मणांस दान देण्याची चाल होती. त्याऐवजीं तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरवून प्रती काढाव्या, असा बेत नाना फडणवीसांच्या मनांत आला होता. पुण्यांतील इंग्रज वकील मॅलेट याच्या पदरीं कोरण्याचें काम शिकलेला एक तांबट त्यासाठीं हाताशीं होता. नाना १८०० सालीं वारले आणि काम अर्धवट राहिलें. तें पुढें मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ सालीं तडीस गेलें. भांडीं ठोकणाऱ्या हातानें गीता उलट्या अक्षरांनीं कोरावी, आणि ती सुलट होऊन घरोघर जावी, यांत ज्यांना विटाळ दिसला असेल त्यांच्याशीं आमचें जमावयाचें नाहीं.

येथपर्यंत आमचा निवाडा ठशाच्या बाजूचा झाला. आतां ठशाखालच्या कागदाकडे पाहिलें पाहिजे, आणि तेथें इतकें उदार राहणें आम्हांस शक्य नाहीं.

हॅनोवरचा कुर्ट श्विटर्स यानें १९१९ च्या सुमारास कचेऱ्यांतील रबरी शिक्के चित्रांत वापरण्यास आरंभ केला. ट्रामचीं तिकिटें, मालाचीं वेष्टनें, रस्त्यावरचे कपटे गोळा करून त्यांचीं तो चित्रें जुळवी. महायुद्धानें सर्व मोडून टाकलें होतें, तेव्हां मोडक्या तुकड्यांतूनच नवें उभारावें, असा त्याचा विचार होता, आणि तो त्या काळास शोभणारा होता. आपल्याकडे ही तऱ्हा आली तेव्हां ट्रामच्या तिकिटाची जागा घेण्यास ‘जुना दिसणारा’ कागद शोधणें ओघानेंच आलें. आणि मराठवाड्यांत तसा कागद दुर्दैवानें मुबलक आहे. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, फडताळांत, लांकडी पेटींत मोडी कागदांचे रुमाल पडलेले असतात. वाडा पडतो, वांटण्या होतात, मोडी वाचणारें घरांत कोणी उरलेलें नसतें, आणि रुमाल रद्दीच्या वजनानें विकले जातात. तेथून एखादें पान हौशी कलावंताच्या टेबलावर येतें. तपकिरी पडलेल्या कडा, बोरूचीं वळणदार अक्षरें, कोपऱ्यावर फारसी अक्षरांचा शिक्का. याहून मनोहर पार्श्वभूमि कोठें मिळावयाची? त्यावर घरीं कोरलेला मोर निळ्या शाईनें उठविला कीं चित्र खुलून दिसतें. आम्हीं अशीं चित्रें पाहिलीं आहेत, आणि तीं सुंदर नव्हतीं असें म्हणणें खोटेपणाचें होईल.

पण त्या कागदावर लिहिलें काय होतें? बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्यांतील एखाद्या घरचा तो कागद इनामाचा असेल, कर्जरोखा असेल, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरविणारा असेल, एखाद्या विधवेस मिळावयाच्या धान्याचा करार असेल. किंवा नुसती वाणसामानाची यादीहि असेल. यादी असेल तर तिच्यावर मोर बसविण्यास आमची हरकत नाहीं. पण ती यादी आहे हें वाचल्यावांचून कळणार कसें?

जुन्या दफ्तरांतील पत्रांवर शिरोभागीं शिक्का आणि अखेरीस मोर्तब उठवीत. मजकूर जेथें संपला तेथेंच मोर्तब करावयाचें, म्हणजे त्यापुढें कोणास एक अक्षर वाढवितां येऊं नये. ठसा मारणें हें मूळचें असें साक्षीचें काम आहे. वरील मजकूर मीं पाहिला आहे, तो माझा आहे, त्याचें उत्तर मी देईन, असा त्या ठशाचा अर्थ. न वाचलेल्या मोडी पानावर आपला ठसा उठविणारा कलावंत नकळत तेंच वाक्य उच्चारतो, आणि तें असत्य असतें. त्याहून वाईट म्हणजे, ज्यानें तें पान लिहिलें त्याचें वाक्य तो शोभेची नक्षी करून टाकतो. बोलणाऱ्या मनुष्याच्या ओंठांची लाली तेवढी पाहावी आणि बोलणें ऐकूं नये, त्यांतला हा प्रकार आहे.

यावर कोणी म्हणेल, रद्दींत जाऊन लगदा होण्यापेक्षां चित्रांत राहिलें हें बरें नव्हे काय? हा युक्तिवाद अगदींच टाकाऊ नाहीं. कित्येक पानें खरोखरच कलावंताच्या हौसेमुळें वांचलीं असतील. पण वांचविणाराच जर तीं कातरूं लागला, डिंकानें भिजवूं लागला, तर त्या वांचविण्याला फार अर्थ उरत नाहीं. श्विटर्सचें तिकीट आणि हें मोडी पान यांत एक मोठें अंतर आहे: तिकिटाच्या हजारों प्रती निघालेल्या असतात, पानाची दुसरी प्रत नसते. ज्याच्या प्रती आहेत त्याचा तुकडा खुशाल घ्यावा. ज्याची प्रत नाहीं त्याची आधीं प्रत करावी, आणि मग मूळाला हात न लावतां प्रतीचा तुकडा घ्यावा. मोबाइलनें पानाचें छायाचित्र घेण्यास आतां क्षणभरहि लागत नाहीं. तें छायाचित्र साध्या कागदावर छापून त्यावर मोर, पोपट, काय हवें तें उठवावें. मोडी शिकविणारे वर्ग महाराष्ट्रांत अनेक गांवीं चालतात. एखाद्या कलावंतानें तेथें चार महिने घालविले तर त्याच्या चित्राचेंहि नुकसान व्हावयाचें नाहीं. आणि केवळ जुनाट रंगाचाच सोस असेल, तर हातकागद चहाच्या पाण्यांत बुडवून वाळवावा. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यास हातकागदाची परंपरा महंमद तुघलकाच्या काळापासून सांगतात. पुण्यासहि १९४० सालीं हातकागदाची संस्था निघाली. त्या कागदाला शाई चांगली धरते, आणि त्यावर कोणाचा करार लिहिलेला नसतो.

साक्षीची गोष्ट निघाल्यावर बीड जिल्ह्यांत आणखी एका ठशाकडे दुर्लक्ष करणें शक्य नाहीं. १८५८ सालीं बंगाल्यांत जंगीपूर येथें विल्यम हर्शेल नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें रस्त्याच्या खडीचा एक करार केला, आणि राज्यधर कोनाई या मक्तेदाराच्या हाताचा पंजा शाईंत माखून त्या कागदावर उठवून घेतला. पुढें करार नाकारण्याची छाती होऊं नये, एवढाच त्याचा प्रारंभींचा हेतु होता. त्या पंज्यापासून पुढें बोटांच्या ठशांचें शास्त्र वाढलें, आणि अंगठा उठविणें हा आपल्या देशांतील गरीब मनुष्याचा कागदाशीं येणारा मुख्य संबंध होऊन बसला. या ठशाची रेखा जन्मतःच कोरलेली असते. मालकाला तींत कांहीं निवडावयाचें नसतें, वजा करावयाचें नसतें. ॲरिस्टॉटलनें इंद्रियज्ञानाला मेणावरील मुद्रेची उपमा दिली आहे: मेण मुद्रेचा आकार घेतें, तिचें सोनें घेत नाहीं. अंगठा घेणारा कागदहि त्या मेणासारखाच आहे.

बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसऱ्यानंतर लाखों माणसें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम त्यांना आधीं उचल देतो, आणि ती हंगामभर कामांत फेडून घेतो. उचलीच्या कागदावर सही नसेल तर अंगठा उठतो. वर काय लिहिलें आहे, आंकडा कोणता, मोडल्यास दंड काय, हें अंगठा उठविणाऱ्यास पुष्कळदां दुसऱ्याच्या तोंडूनच समजतें. बाईचा तर पुष्कळदां अंगठाहि लागत नाहीं; नवऱ्याच्या अंगठ्यांत तिचेहि हात मोजलेले असतात. भाद्रपदांत ज्या घरांत मुठीनें लक्ष्मीचीं पावलें उमटलेलीं असतात, त्याच घरांत महिना-दीड महिन्यानें हा अंगठा उमटतो. पहिला ठसा कोणी मागत नाहीं आणि त्याच्याबद्दल कोणी कांहीं देत नाहीं. दुसऱ्याच्या मोबदल्यांत रोख पैसे मोजून मिळतात. तरी दोहोंपैकीं कोणता उठवितांना हाताच्या मालकास काय उठत आहे हें ठाऊक असतें, हें सांगावयास नको. ‘अंगठाछाप’ ही शिवी आम्हांस याच कारणासाठीं खोट्या पत्त्यावर गेलेली वाटते. न वाचतां उठविणारा लाचार असतो. न वाचतां उठवून घेणारा मात्र सर्व वाचून बसलेला असतो. आणि आमच्यापैकीं जे सुशिक्षित मोडी पानावर मोर उठवितात, त्यांना तर लाचारीचेंहि निमित्त नाहीं.

सही शिकविली म्हणजे हा प्रश्न सुटला असें मानणारे सद्गृहस्थ आहेत. आम्ही तसें मानीत नाहीं. नांवाचीं चार अक्षरें चित्रासारखीं गिरवून ज्यानें पाठ केलीं, पण वरचा मजकूर ज्याला वाचतां येत नाहीं, तो सही करतो तेव्हां अंगठ्याच्या जागीं दुसरा एक ठसाच उठवीत असतो. इतकेंच कीं शाई बोटाला लागत नाहीं. ऊसतोडीस गेलेल्यांच्या मुलांसाठीं जिल्ह्यांत गांवोगांवीं हंगामी वसतिगृहें चालविलीं जातात. आईबाप परत येईपर्यंत तेथें राहणाऱ्या मुलांस संध्याकाळचा पुष्कळ वेळ असतो. एक खोडरबर, एक जुनी कोरणी आणि थोडी शाई एवढ्यावर तेथें हा ठशांचा उद्योग चालूं शकेल, आणि त्यांत आम्हांस शुभेच्छापत्रांपेक्षां अधिक रस आहे. मुलानें प्रथम आपलें नांव कोरावें. तें हटकून सुलट कोरील, आणि कागदावर उलटें उमटलेलें पाहून हंसेल. मग त्याला प्रत्येक अक्षर फिरवून पाहावें लागेल: काना कोणत्या बाजूस जातो, वेलांटी कोठून सुरू होते, ‘क’ चा पोटांतला गोल आणि बाहेरचा आंकडा यांची अदलाबदल कशी होते. गिरवून पाठ केलेलें नांव येथें कामास येत नाहीं. तें वाचावें लागतें, तेंहि समोर बसलेल्याच्या बाजूनें. देवनागरींत एक ‘ठ’ मात्र असा आहे कीं, उलटा कोरला काय आणि सुलटा कोरला काय, बहुतेक सारखाच उमटतो. ज्या मुलाचें नांव किंवा आडनांव त्या अक्षरानें सुरू होत असेल त्याचें तेवढें काम सोपें; बाकीच्यांनीं दोन रबर घेऊन बसावें.